स्विचबोर्डवरची ‘टक्’

कार्यालयातील अनेक दूरध्वनी मोजक्या बाहेरच्या लाइनींना जोडून देणारा फलक म्हणजे स्विचबोर्ड. स्वयंचलित यंत्रणा रुळण्यापूर्वी ही जोडणी ऑपरेटरच्या हातांनीच होत असे. फलकावरील प्रत्येक छिद्र, म्हणजे ‘जॅक’, एका दूरध्वनीचे असे. त्याचा दिवा पेटताच ऑपरेटर समोरच्या दोऱ्यांच्या जोडीतील मागची दोरी त्यात खोचून क्रमांक विचारी आणि पुढची दोरी मागितलेल्या जॅकमध्ये घालून घंटी वाजवी. खरे कौशल्य मात्र या दोन क्रियांच्या मधल्या क्षणात होते. मोठ्या फलकांवर एकाच क्रमांकाचे जॅक अनेक ऑपरेटरांसमोर असल्याने तो दुसऱ्या कोणी आधीच जोडला आहे काय, हे नजरेने कळत नसे. म्हणून पुढच्या दोरीच्या प्लगचे टोक जॅकच्या धातूच्या कड्याला नुसते टेकवले जाई, आणि लाइन व्यस्त असल्यास हेडसेटमध्ये ‘टक्’ असा आवाज येई. चालू संभाषणात व्यत्यय न आणता माहिती मिळवणारी ही युक्ती अभियांत्रिकीचा अस्सल नमुना मानावी लागेल. पुढे कन्सोलवरील बटणांनी दोऱ्यांची जागा घेतली. तो पाव इंची प्लग मात्र इलेक्ट्रिक गिटारसाठी आजही वापरला जातो.