वीकेंडला बंगला बुक केलाय? बॅगा उघडण्याआधी बाथरूममधला गिझर बघा

लोणावळा, कर्जत, अलिबाग, महाबळेश्वर. भाड्याचा बंगला घेताना आपण स्विमिंग पूल, वायफाय आणि जेवणाचा दर विचारतो. गिझर गॅसवर चालतो की विजेवर, हे सहसा कुणी विचारत नाही. खरं तर पहिला प्रश्न तोच हवा.

गॅस गिझर धोकादायक का ठरतो?

गॅस जळायला ऑक्सिजन लागतो. बाथरूम लहान, खिडकी बंद आणि एकामागोमाग चार-पाच जणांच्या आंघोळी झाल्या, की आतला ऑक्सिजन कमी पडतो. गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. (सिलिंडरच्या गॅसला येणारा वास मुद्दाम मिसळलेला असतो, त्या भरवशावर राहू नका.) रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक सहज जोडला जातो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. मग अंगातली ताकदच जाते आणि कडी काढणंही जमत नाही.

त्यामुळे गिझर बाथरूमच्या आतच असेल तर खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, थोडा वेळ जाऊ द्या आणि मगच आंघोळीला जा. थंडीत बार्बेक्यूचे निखारे उबेसाठी खोलीत आणले, तरी हाच गॅस. कुणी बेशुद्ध आढळलं तर आधी मोकळ्या हवेत आणा, मग फोन.

फोन लागला, पण पत्ता काय सांगणार?

आपत्कालीन मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108. पण बुकिंगवरचं बंगल्याचं झकास इंग्रजी नाव गावात कुणाला माहीत नसतं. गाव, फाटा, जवळचं मंदिर केअरटेकरकडून लिहून घ्या. नकाशा घरूनच ऑफलाइन डाउनलोड करा. तुमच्या सिमला रेंज नसली तरी 112 दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो.

साप निघाला तर?

माणसं जास्त झाली की जमिनीवर गाद्या पडतात. पावसाळ्यात ते टाळाच. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश अनेकदा फारसा दुखतही नाही. दंश झाल्यास कापणं, चोखणं, आवळून बांधणं नको. हालचाल कमी ठेवून थेट रुग्णालय गाठा. सर्पदंशावरची लस जवळ कुठे मिळते, हे दिवसाच विचारून ठेवा. आणि रात्री गेटला कुलूप लागत असेल, तर एक चावी तुमच्याकडे मागून घ्या.