नमस्कार मोत माउलीला, मिस्सा देवाला

रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या चढावर, जिथून दोन्ही किनारे एकदम नजरेत येतात, तिथे शहाळे प्यायला गाड्या थांबतात. मे महिन्यात आमच्या शेजारी एमएच ४८ ची, म्हणजे वसईकडची गाडी उभी होती. गोव्याला निघालेले कुटुंब. डॅशबोर्डवर निळ्या वस्त्रातली छोटी मरियामाता, आरशाला रोजरीची जपमाळ आणि मूर्तीच्या पायाशी सुकत आलेला मोगऱ्याचा गजरा. शहाळेवाल्याने कोयता थांबवून विचारले, "ही तुमची देवी काय?" मागच्या सीटवरच्या आजी म्हणाल्या, "देवी नाही रे बाबा, देवाची आई." तो हसला. "मग देवीच झाली की!"

आजी काही बोलल्या नाहीत. नातवाने शहाळ्याचे पैसे दिले आणि गाडी गेली.

शंका सोळाशे वर्षांची

शहाळेवाल्याचे तर्कशास्त्र काही चुकीचे नव्हते. कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष नेस्टोरियस यालाही हीच धास्ती होती: मरियेला 'देवाची आई' म्हटले की लोक तिची देवी करून टाकतील. त्यावर इ.स. ४३१ मध्ये इफिससला धर्मसभा भरली आणि निकाल नेस्टोरियसच्या विरुद्ध गेला. सभेचे म्हणणे असे, की आई ही व्यक्तीची असते, तिच्या अर्ध्या भागाची नसते. मरियेने ज्याला जन्म दिला तो येशू देव आणि माणूस मिळून एकच व्यक्ती; म्हणून ती देवाची आई. ही पदवी खरे तर येशूविषयी बोलते, मरियेविषयी कमी.

त्याच्याही आधी, चौथ्या शतकात, अरबस्तानाकडच्या काही बायका मरियेला छोट्या भाकऱ्यांचा नैवेद्य दाखवतात असे बिशप एपिफानियसच्या कानावर आले. त्याने तो सरळ पाखंड ठरवला. मरियेची पूजा नको, हे बाहेरच्या टीकाकारांच्या कितीतरी आधी चर्चनेच सांगून ठेवले आहे.

तीन पायऱ्या आणि मराठीची अडचण

कॅथलिक धर्मशास्त्रात तीन शब्द आहेत. 'लात्रिया' म्हणजे आराधना. ती फक्त देवाची. 'डुलिया' म्हणजे संतांना दिलेला मान. मरियेचा मान त्याच जातीचा, पण सर्व संतांहून वरचा, म्हणून 'हायपरडुलिया'. ७८७ सालच्या निकियाच्या दुसऱ्या धर्मसभेने मूर्ती आणि चित्रांपुढे वाकायला मुभा दिली ती हाच फरक करून. तो मान लाकडाला किंवा रंगाला नाही, ज्याची प्रतिमा त्याला पोचतो.

मराठीत मात्र 'भक्ती' हा एकच शब्द देवालाही चालतो आणि आईलाही. देशभक्ती आहे, मातृभक्ती आहे. दसऱ्याला हत्यारांची पूजा होते, दिवाळीत चोपड्यांची. फादर थॉमस स्टीफन्सनी १६१६ साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले. असे शब्द आपला जुना अर्थ पदरात बांधूनच येतात. त्यात आपल्याकडे देव आणि माणूस यांच्यातली रेघ मुळातच पुसट. गुरूत देव, अतिथीत देव. कॅथलिकांची ती रेघ ठळक आहे, आणि आजींना ती दोन शब्दांत सांगता आली नाही यात नवल काय?

खूण कुठली?

माझ्या मते एकच खूण पुरे: मिस्सा कुणाला अर्पण होते? मिस्सा हे कॅथलिकांचे यज्ञार्पण. मरियेचा सण असो, चर्च तिच्या नावाचे असो, मिस्सा देवालाच अर्पण होते. मरियेकडे मागायचे ते एवढेच, की आमच्यासाठी देवापाशी शब्द टाक. रोजरीत पुन्हापुन्हा येणाऱ्या प्रार्थनेचा पूर्वार्ध लूकच्या शुभवर्तमानातला आहे. उत्तरार्धात 'आमच्यासाठी विनंती कर' एवढीच मागणी.

वांद्र्याची टेकडी

शास्त्र असे, आता जत्रेत चला. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारपासून वांद्र्याला माउंट मेरीची आठवडाभर जत्रा भरते. कोळ्यांची ती मोत माउली. मूर्ती समुद्रात सापडल्याची कथा कोळीवाड्यांत सांगतात. १७०० च्या सुमारास चाच्यांनी सोन्याच्या लोभाने तिचा हात तोडला, असेही सांगतात. चर्चची आजची इमारत १९०४ ची. १९५४ मध्ये तिला बॅसिलिकाचा दर्जा मिळाला.

रस्त्यावर मेणाचे हात, पाय, बाळे, घरे मांडलेली असतात. गुडघा दुखतो त्याने पाय घ्यायचा, भाड्याच्या खोलीला कंटाळलेल्याने घर. रांगेत हिंदू, पारशी, मुसलमान सगळे. यांतले कित्येक जण नवसच बोलतात आणि माउलीला देवीच मानतात. गोव्यात म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मरियेच्याच 'चमत्कारांची माता' या रूपाला, तर शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात. तिच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात. चर्च त्यांना अडवत नाही. गैरसमज इथे वाढतो हे खरे, पण मला तो टेकडीवरून हुसकून लावण्याइतका वाईट वाटत नाही.

पुस्तकातले ख्रिस्ती

मराठी वाचकाच्या मनातला ख्रिस्ती बहुधा 'स्मृतिचित्रे'मधून आलेला असतो. त्यातले रेव्हरंड ना. वा. टिळक याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो अमेरिकन मिशनचा, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचा. त्या पंथाच्या देवळात मरियेची मूर्ती नसते आणि देव व माणूस यांच्यात मध्यस्थ एकटा ख्रिस्त, यावर त्यांचा कटाक्ष असतो. टिळक वाचून वसईला गेलेला माणूस म्हणूनच गोंधळतो.

मरियेला किती वर चढवायचे, यावर कॅथलिकांतही ओढाताण आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये अतिशयोक्ती आणि कोतेपणा दोन्ही टाळायला सांगितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर व्हॅटिकनने मरियेला 'सहतारणकर्ती' म्हणणे योग्य नाही, असे स्पष्ट केले. तारणारा एकच.

सप्टेंबरात वांद्र्याला गेलात तर मेणाचे घर जरूर घ्या. पण आत मिस्सा चालू असेल तर पाच मिनिटे मागे उभे राहून ऐका. मरियेचे नाव मधे येते; अर्पण होते ते देवपित्याला.