तीस नॉटचा नाद खुळा!

हवामान खातं 'काम नसेल तर घराबाहेर पडू नका' असं सांगतं, तेव्हा काही मंडळी गाडीच्या टपावर बोर्ड बांधून समुद्राकडे निघतात. का? तर दंडावर बांधलेल्या जीपीएसवर एक आकडा दिसावा म्हणून!

वर्षातून एकदा बॉस तुम्हाला एक आकडा देतो. पाचपैकी तीन. मूड बरा असेल तर साडेतीन. त्यात तुमचं काम किती, बॉसचा मूड किती आणि एचआरचा 'बेल कर्व्ह' किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. विंडसर्फिंगच्या प्रेमात मी पडले ती बहुतेक याच कारणाने. पाण्यावर जायचं, वारा पकडायचा, परत येऊन जीपीएस बघायचा. २७.३. बस्स! नो डिस्कशन, नो फीडबॅक फॉर्म.

पण थांबा. हा आकडासुद्धा तुम्हाला मस्तपैकी फसवू शकतो. ती गंमत पुढे सांगते. आधी थोडा फंडा क्लीअर करू या.

बोर्डवर शीड

विंडसर्फिंग म्हणजे सर्फबोर्डवर शीड. हॉइल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक या दोन कॅलिफोर्नियावाल्यांनी १९६८ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. सगळी जादू डोलकाठीच्या बुडाशी असलेल्या जॉइंटमध्ये आहे. तो कुठल्याही बाजूला वाकतो, त्यामुळे शीड पुढे-मागे कलवूनच बोर्ड वळवायचा. सुकाणू नाही, ब्रेक तर नाहीच नाही! १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला.

वारा कमी असतो तेव्हा बोर्ड पाणी कापत आरामात चालतो. बारा-पंधरा नॉटच्या पुढे वारा गेला की तो उचलला जातो आणि पाण्यावरून घसरायला लागतो. तळ्यात चपटा दगड भिरकावून आपण भाकऱ्या काढतो ना, अगदी तसा! याला म्हणतात प्लेनिंग. एकदा हा अनुभव घेतला की माणूस संपला. वीकेण्डचे बाकीचे सगळे प्लॅन कॅन्सल.

एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. म्हणजे तीस नॉट झाले साधारण साडेपंचावन्न किलोमीटर. इस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर या स्पीडने जाल तर मागचे हॉर्न वाजवून हैराण करतील. पण पायाखाली सीट नाही, इंजिन नाही, फक्त अर्धा-पाऊण मीटर रुंदीची फळी आहे, सगळं वजन कमरेच्या हार्नेसवर टाकलंय आणि पाण्याचे तुषार सुयांसारखे तोंडावर येताहेत, तेव्हा पंचावन्न म्हणजे सॉल्लिड वेग असतो, बॉस!

वाटाण्यापासून बटाट्यापर्यंत

कामानिमित्त मी इंग्लंडच्या दक्षिणेला, साउदम्प्टनला राहते. तिथून शंभरेक किलोमीटरवर वेमथ आणि त्याला लागून पोर्टलंड हार्बर. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधल्या शिडाच्या शर्यती इथेच झाल्या होत्या. पण स्पीडवाल्यांसाठी ही जागा त्याच्या कितीतरी आधीपासून पंढरी आहे.

कारण आहे चेझिल बीच. नाव बीच असलं तरी हा वाळूचा किनारा नव्हे. तो आहे साधारण २९ किलोमीटर लांबीचा, समुद्रानेच रचलेला गोट्यांचा बांध. पश्चिमेच्या टोकाला गोटे वाटाण्याएवढे आणि पोर्टलंडच्या टोकाला बटाट्याएवढे! रात्रीच्या अंधारात किनाऱ्याला लागलेले कोळी नुसता गोटा चाचपून आपण कुठे आलो ते ओळखायचे, असं इथले लोक सांगतात. बांधाच्या एका बाजूला खुला समुद्र, उसळणाऱ्या लाटा. दुसऱ्या बाजूला हार्बर. वारा बांधावरून सरळ आत येतो, लाटा मात्र बाहेरच राहतात.

स्पीडचं गुपित इथेच आहे. नुसत्या जोरदार वाऱ्याने स्पीड येत नाही. जोरदार वारा हवा आणि पाणी मात्र सपाट हवं. निसर्गात ही जोडी क्वचितच जमते. आपल्या कोकणाचंच घ्या. पावसाळ्यात वारा काय कमी असतो? पण त्याच्याबरोबर दर्या असा खवळतो की जून-जुलैत मासेमारीसुद्धा बंद ठेवतात. उलट मार्च-एप्रिलमध्ये दुपारी येणारे खारे वारे (शाळेत मतलई वाऱ्यांबरोबर पाठ केलेत, आठवतात?) शिकायला एकदम झक्कास, पण तीस नॉटसाठी कमीच पडतात.

म्हणून तर विक्रमवीर जागा शोधत जगभर फिरतात. नामिबियातल्या ल्युडरिट्झला तर वाऱ्याच्या बरोब्बर हव्या त्या कोनात चक्क एक कालवा खणून ठेवलाय. तिथेच २०१५ मध्ये फ्रान्सच्या आंत्वान आल्बोने ५०० मीटरवर सरासरी ५३.२७ नॉट वेग नोंदवला. म्हणजे ताशी ९८ किलोमीटरच्या वर! अर्धा किलोमीटर सव्वाअठरा सेकंदांत खल्लास. आणि मुली मागे आहेत असं समजू नका. २०२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या हायडी उलरिखने फ्रान्समधल्या ला पाल्मला ४७ नॉटची रेषा ओलांडली.

वेमथची स्पीड वीक १९७२ मध्ये सुरू झाली. त्या पहिल्याच वर्षी टिम कोलमनच्या 'क्रॉसबो' या साठ फुटी बोटीने २६.३० नॉटचा विश्वविक्रम केला. एवढं लांबलचक धूड, वर सगळा क्रू, आणि वेग २६.३०. हा आकडा लक्षात ठेवा. तो माझ्या मानगुटीवर बसणार आहे.

दोन सेकंदांचा हिरो

जीपीएस एकाच दिवसाचे बरेच आकडे देतो. सगळ्यांत लोकप्रिय आहे दोन सेकंदांचा 'पीक'. म्हणजे दिवसभरात सलग दोन सेकंद तुम्ही जास्तीत जास्त किती पळालात. कार पार्कमध्ये सगळे हाच आकडा विचारतात. फोटो काढून मित्रांना पाठवायचा तोही हाच.

माझा पहिल्या वर्षाचा पीक होता ३०.४. तीस पार! पार्टी झाली, घरी फोन झाले. मग आमच्या ग्रुपमधल्या एका सदुसष्ट वर्षांच्या आजोबांनी विचारलं, "आणि फाइव्ह बाय टेन किती?"

हा दुसरा आकडा. दिवसभरातले दहा-दहा सेकंदांचे सर्वोत्तम पाच तुकडे घ्यायचे, सगळे वेगवेगळ्या फेऱ्यांमधले, आणि त्यांची सरासरी काढायची. माझी निघाली २५.८. क्रॉसबोच्या अर्धा नॉट खाली! आता त्यांचा आकडा ५०० मीटरचा, माझा दहा सेकंदांचा, त्यामुळे तुलना तशी बरोबर नाही. तरी पन्नासेक वर्षांपूर्वीची साठ फुटी बोट मला वाकुल्या दाखवतेय असंच वाटलं.

हिशेब बघा. तीस नॉटने दोन सेकंद म्हणजे जेमतेम ३१ मीटर. वाऱ्याचा एक झोत बरोबर वेळी पाठीत बसला, हात घट्ट धरून ठेवले की झालं. त्यात तुमचं कर्तृत्व किती आणि वाऱ्याचं किती? पण दहा सेकंद म्हणजे दीडशेहून जास्त मीटर. आणि तेही पाच वेळा! दर फेरीनंतर वळायचं, वाऱ्याविरुद्ध तिरकं-तिरकं चढत परत यायचं, श्वास सावरायचा आणि पुन्हा सुटायचं. तिथे लॉटरी चालत नाही.

त्या दिवसापासून मी तीसचं टार्गेट बदललं. आकडा तोच ठेवला, रकाना बदलला. पीक नव्हे, फाइव्ह बाय टेन.

कमी शीड, जास्त वेग

आणि रकाना बदलल्यावर सगळंच बदललं. पीकच्या मागे असताना वाटायचं, शीड जेवढं मोठं तेवढी पॉवर. पण वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा २० चा ३० नॉट झाला की दाब दीडपट नाही, सव्वादोनपट होतो. मोठ्या शिडाशी झटापट करण्यातच हात संपतात. आता त्याच वाऱ्यात मी ५.८ ऐवजी ५.२ चौरस मीटरचं शीड लावते. एखादा झोत वाया जातो, पण पाचव्या फेरीपर्यंत हातात जीव राहतो.

दुसरी गोष्ट कोनाची. सगळ्यांत जास्त वेग वारा सरळ पाठीमागून असताना मिळत नाही. तो तिरका मागून, साधारण १३० अंशांवर असावा लागतो. वारा पश्चिमेचा असेल तेव्हा बांधाला समांतर पळताना जवळपास हाच कोन मिळतो, आणि पाणीही काठालगत सपाट. सगळे वेदर चार्टवर नैर्ऋत्य की पश्चिम यावर तासभर काथ्याकूट का करतात, ते तेव्हा कळलं.

तिसरी गोष्ट एकदम घरगुती. समुद्रगवत! बोर्डखालच्या फिनला ते अडकलं की दोन नॉट गेलेच समजा. फेरी झाली की थांबायचं, फिन साफ करायचं. ग्लॅमरस काही नाही, पण सरासरी इथेच वाढते.

आज वारा माझा नाही

गेल्या ऑक्टोबरमधला एक शनिवार. फोरकास्ट ३० नॉट, झोत ४० चे. फेरीब्रिजच्या पार्किंगमध्ये गाड्यांचे दरवाजे उघडले की हातातून सुटत होते. दोन-तीन पोरं उतरली. त्यातला एक थेट शिडावरून पुढे फेकला गेला (याला कॅटापल्ट म्हणतात, नाव अगदी शोभतं). आमचे आजोबा व्हॅनमध्ये चहा पीत बसलेले.

"तुम्ही नाही जात?" मी विचारलं.

"तीन वाजता वारा पश्चिमेला वळणार. आता तो माझा नाही."

दोन तास थांबणं सोपं नव्हतं हो. समोर जन्मात एकदा मिळेल असा वारा, ऑफिसातून कशीबशी मोकळी केलेली सुट्टी, आणि आपण काय करतोय, तर काचेतून बघतोय. पोटात नुसता गोळा. पण मी थांबले. सव्वातीनला वारा वळला आणि २६-२८ वर स्थिर झाला. पाणी काठाजवळ इस्त्री केल्यासारखं. मग पाच फेऱ्या : २८.९, २८.१, २९.३, २८.६, २७.९. सरासरी २८.५६. आणि त्या दिवसाचा पीक? फक्त २९.८. माझ्या जुन्या पीकपेक्षा कमी!

रात्री ठाण्याला फोन केला.

"किती आलं गं?" आईने विचारलं.

"अठ्ठावीस पॉइंट छपन्न!"

"म्हणजे कमीच झालं की. मागे तीस म्हणाली होतीस."

"अगं, ते एकदाच, दोन सेकंद. हे पाच वेळा."

आई जरा थांबली. "म्हणजे तेव्हा एका विषयात पैकीच्या पैकी आणि बाकी काठावर पास, तसं होतं का?"

अगदी तसंच होतं.

तीसला अजून दीड नॉट कमी आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण वेग जितका वाढतो तितका पुढचा नॉट महाग होत जातो. कदाचित दोन सीझन लागतील, कदाचित नाहीच होणार. पण एक फरक पडलाय. पूर्वी वाऱ्याचा फोरकास्ट बघितला की मी फक्त सगळ्यांत मोठा झोत शोधायची. आता बघते, वारा किती वेळ टिकणार आहे.

तुम्हालाही नाद लागलाय?

* विंडसर्फिंगमध्ये आपण मागे नाही. होआंगचौ एशियाडमध्ये (२०२३) इबाद अलीने आरएस:एक्स प्रकारात भारताला ब्राँझ मिळवून दिलं.

* शिकायचं ते सर्टिफाइड इन्स्ट्रक्टरकडेच. सुरुवातीला आठ-दहा नॉटचा वारा आणि मोठ्ठा, दीडशे-दोनशे लिटरचा बोर्ड पुरतो. स्पीडबोर्डचं नावही काढू नका.

* एकटं जायचं नाही. लाइफ जॅकेट आणि हेल्मेट मस्ट. किती वाजता परत येणार हे किनाऱ्यावर कुणाला तरी सांगून जा.

* जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा किनाऱ्यावर सौम्य वाटतो, पण तोच तुम्हाला आत ओढून नेतो. नवशिक्यांनी त्या दिवशी भेळ खावी.

* पहिलं वर्षभर जीपीएस घरीच ठेवा. आधी वळायला शिका. परत यायलाच जमलं नाही, तर आकडा दाखवणार कुणाला?