शरदातील वल्ही : अमेरिकन महाविद्यालयीन स्त्रियांच्या नौकास्पर्धांचा पूर्वहंगाम

अमेरिकेतील महाविद्यालयीन स्त्रियांच्या नौकास्पर्धांचे राष्ट्रीय अजिंक्यपद वसंत ऋतूच्या अखेरीस ठरते. २००० मीटर लांबीच्या सरळ जलमार्गावर नौका शेजारी शेजारी धावतात आणि सहा-सात मिनिटांत वर्षाचा निकाल लागतो. असे असता तेथील संघ सप्टेंबरपासूनच पहाटेच्या अंधारात नदीवर उतरतात, आणि अजिंक्यपदाशी ज्यांचा प्रत्यक्ष संबंध नाही अशा ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील शर्यतींत तितक्याच गांभीर्याने भाग घेतात. ह्या पूर्वहंगामाचे प्रयोजन काय, हा प्रश्न केवळ क्रीडेचा नाही. शिकणे, निवड होणे आणि शिकण्याची संधी मिळणे ह्या तीन गोष्टी ह्या हंगामात एकत्र येतात. म्हणून शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकालाही तो विचारार्ह वाटावा.

प्रथम साधनाचा परिचय आवश्यक आहे. पुण्यात मुळा-मुठेच्या पात्रात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या नौका ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना ह्या अरुंद नौकांची कल्पना असेलच. आठ वल्ह्यांची स्पर्धा-नौका सुमारे १७ ते १८ मीटर लांब असते, परंतु पाण्याच्या रेषेवर तिची रुंदी एका माणसाच्या बैठकीपेक्षा फारशी अधिक नसते. नियमांप्रमाणे तिचे वजन ९६ किलोग्रॅमपेक्षा कमी असून चालत नाही. प्रत्येक स्त्री दोन्ही हातांनी एकच वल्हे ओढते. चार वल्ही एका बाजूस आणि चार दुसऱ्या बाजूस असतात. बैठका चाकांवर पुढेमागे सरकतात, त्यामुळे ओढीचा मुख्य भार दंडांवर न पडता पायांवर पडतो. वल्हवणाऱ्या आठही जणी पाठमोऱ्या बसतात. पुढचा मार्ग फक्त नववीला, म्हणजे सुकाणू सांभाळणाऱ्या 'कॉक्स'ला, दिसतो. कोकणच्या मचव्यावर तांडेलाचा शब्द जसा अखेरचा, तसा येथे तिचा.

शरदातील शर्यती 'हेड' ह्या नावाने ओळखल्या जातात. त्यांचा उगम लंडनच्या टेम्स नदीवर आहे. स्टीव्ह फेअरबेर्न ह्या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या मार्गदर्शकाने १९२६ साली तेथे लांब पल्ल्याची शर्यत सुरू केली. हिवाळ्यात संघांनी दीर्घ अंतर वल्हवावे, हा त्यामागील हेतू होता. नदी अरुंद असल्यामुळे नौका एकामागून एक सोडतात व प्रत्येकीचा वेळ स्वतंत्रपणे मोजतात. प्रतिस्पर्धी शेजारी नसतो. तो पुढे असतो किंवा मागे. आपण जिंकत आहोत की हरत आहोत हे वल्हवणारीस शर्यत संपेपर्यंत निश्चित कळत नाही.

अमेरिकेतील ह्या प्रकारची सर्वांत प्रसिद्ध शर्यत म्हणजे बॉस्टन व केंब्रिज ह्या शहरांमधून वाहणाऱ्या चार्ल्स नदीवरील 'हेड ऑफ द चार्ल्स'. ती १९६५ साली सुरू झाली व ऑक्टोबरच्या उत्तरार्धात भरते. अंतर सुमारे तीन मैल, म्हणजे ४.८ किलोमीटर आहे. आठ वल्ह्यांच्या चांगल्या महाविद्यालयीन स्त्री-संघास त्यासाठी साधारण १६ ते १८ मिनिटे लागतात. हा मार्ग सरळ नाही. वाटेत अनेक पूल असून वीक्स पादचारी पूल व एलियट पूल यांच्याजवळची वळणे विशेष अवघड मानली जातात. नौका लांब असल्यामुळे वळण पुलाच्या बऱ्याच आधीपासून साधावे लागते. उशीर झाला तर वेळ वाया जातो, घाई झाली तर पुलाच्या खांबाशी गाठ पडते. तरंगत्या खुणांच्या चुकीच्या बाजूने गेल्यास दंड म्हणून वेळ वाढवला जातो. अशा मार्गावर कॉक्सच्या बुद्धीची जी परीक्षा होते, ती वसंतातील सरळ मार्गावर होत नाही.

लांब पल्ल्याचा आग्रह शरीरशास्त्रावर आधारलेला आहे. २००० मीटरांची शर्यत अल्पकालीन दिसली, तरी तीत खर्च होणाऱ्या शक्तीचा बराच मोठा भाग प्राणवायूच्या साहाय्याने निर्माण होतो. ही क्षमता थोड्या आठवड्यांत येत नाही. हृदयाच्या एका ठोक्यासरशी बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण वाढणे, स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होणे, पेशींतील ऊर्जानिर्मितीची केंद्रे वाढणे, हे बदल दीर्घकाल, मध्यम श्रमाने व सातत्याने होतात. म्हणून शरदातील सरावात वल्ह्याचे फेरे मिनिटाला १८ ते २२ एवढेच ठेवतात. हेड शर्यतीत ते ३० च्या आसपास जातात आणि वसंतातील शर्यतीत त्याहूनही वाढतात. ईशान्येकडील नद्या व सरोवरे हिवाळ्यात गोठतात, तेव्हा संघ घरात येऊन वल्हवण्याच्या यंत्रांवर बसतात. पाण्यावर जे शिकावयाचे ते त्यापूर्वीच शिकून घ्यावे लागते.

दुसरे कारण यांत्रिक आहे. पाण्याचा विरोध स्थूलमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, व म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग शंभरात एकाने वाढवावयाचा तर शक्ती शंभरात सुमारे तीनांनी वाढवावी लागते. केवळ बळ वाढवून मिळणारा लाभ त्यामुळे अल्प ठरतो. वेग जितका समान तितका शक्तीचा अपव्यय कमी. परंतु वल्हवण्यात वेग समान राहणेच कठीण आहे. आठ जणींचे एकत्रित वजन नौकेच्या वजनाच्या पाच-सहा पट असते. ओढ संपवून त्या पुन्हा पुढील ओढीसाठी सरकतात, तेव्हा त्यांच्या शरीरांच्या हालचालीने नौकेची गती बदलते. एकीनेही घाईने सरकून धक्का दिला, तर तो सर्व नौकेला जाणवतो. हा संयम आठ जणींत एकाच क्षणी यावा लागतो, आणि तो मंद गतीच्या सरावातच अंगी मुरतो. शरदातील सकाळी एवढ्या संथ का असतात, याचे उत्तर येथे मिळते.

ह्या हंगामाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, त्यात पूर्णपणे नवख्या विद्यार्थिनींनाही प्रवेश असतो. महाविद्यालयात येईपर्यंत वल्हे हाती न घेतलेली मुलगी सप्टेंबरमध्ये चाचणीस येते, आणि तिच्यात उंची, सहनशक्ती व चिकाटी असली तर चार वर्षांत संघाच्या पहिल्या नौकेतही पोचू शकते. असे घडणे फारच थोड्या स्पर्धात्मक खेळांत शक्य असते. अलीकडे मात्र शाळेतच हा खेळ शिकून आलेल्या, तसेच परदेशांतून शिष्यवृत्तीवर आलेल्या खेळाडूंचे प्रमाण बलाढ्य संघांत वाढले आहे. नवख्यांचे दार त्यामुळे बंद झाले नसले, तरी ते अरुंद झाले आहे.

नौकेत बैठका आठच, इच्छुक अनेक. निवडीसाठी 'सीट रेस' नावाची एक पद्धत वापरतात. चार वल्ह्यांच्या दोन नौका ठराविक अंतर धावतात. समजा, पहिली नौका ३ सेकंदांनी जिंकली. नंतर प्रत्येक नौकेतील एक स्त्री परस्परांच्या जागी बसविली, आणि आता दुसरी नौका १ सेकंदाने जिंकली. बाकी सर्व तेच असेल तर ४ सेकंदांचा हा पालट त्या दोघींमुळे झाला असे मानतात. पद्धत प्रयोगशाळेतील नियंत्रित प्रयोगासारखी आहे, परंतु तिच्या मर्यादाही तशाच आहेत. वारा बदलतो, थकवा वाढतो, आणि उरलेल्या सहा जणींनी दोन्ही वेळा सारखेच श्रम केले हे गृहीत धरावे लागते. ज्या मैत्रिणीबरोबर रोज पहाटे उठावयाचे तिच्याशीच ही शर्यत असते, हे तिचे सर्वांत कठीण अंग होय.

येथवरच्या विवेचनात स्त्रियांना हे शिक्षण मिळते हे गृहीत धरले आहे. इतिहास पाहता ते गृहीत धरण्यासारखे नव्हते. मॅसॅच्युसेट्समधील वेलस्ली महाविद्यालयात १८७५ मध्ये अध्यापन सुरू झाले, आणि तेथील वाबन सरोवरावर विद्यार्थिनी प्रारंभीच्या काळापासून वल्हवीत. परंतु पारख वेगाची नव्हे, डौलाची होत असे. इंग्लंडमध्ये १९२७ साली ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या स्त्रियांचा पहिला सामना झाला, तेव्हाही वेळेबरोबर शैलीस गुण दिले गेले. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या नौकाशर्यतींचा समावेश १९७६ च्या माँट्रियल येथील सामन्यांत झाला, आणि तोही १००० मीटरांच्या अंतरासाठी; पुरुषांइतके २००० मीटर अंतर त्यांना १९८८ साली सोल येथे मिळाले. स्त्रीचे शरीर दीर्घ श्रमास अपुरे आहे, ही समजूत त्या निम्म्या अंतरात मोजून ठेवलेली होती.

अमेरिकेत १९७२ साली 'टायटल नाइन' हा कायदा झाला. केंद्र सरकारचे साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगावरून भेदभाव करण्यास त्याने मनाई केली. परंतु कायदा आणि नदीकाठ यांत अंतर होते. येल विद्यापीठाच्या नौकागृहात पुरुषांसाठी स्नानाची सोय होती, स्त्रियांसाठी नव्हती. सराव संपल्यावर त्यांना थंडीत, ओल्या कपड्यांनिशी, पुरुष येईपर्यंत बसमध्ये बसून राहावे लागे. ३ मार्च १९७६ रोजी ख्रिस अर्न्स्ट हिच्या नेतृत्वाखाली १९ जणी स्त्री-क्रीडाविभागाच्या संचालिकेच्या कार्यालयात गेल्या, अंगावरील कपडे उतरविले, व छातीपाठीवर निळ्या रंगात लिहिलेले त्या कायद्याचे नाव दाखवून निवेदन वाचले. दुसऱ्याच दिवशी ही बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आली. मागणी स्नानगृहाची होती; प्रश्न, त्यांच्या श्रमाला श्रम म्हणून मान्यता आहे की नाही, हा होता. त्याच वर्षी अर्न्स्ट ऑलिंपिकमध्ये उतरली. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेची स्त्रियांची अजिंक्यपद-स्पर्धा १९९७ पासून सुरू झाली.

हक्क मिळाल्यावर काळजीची जागा बदलते. बरगड्यांच्या हाडांना ताणाने तडा जाणे व कंबरेचे दुखणे ह्या वल्हवणाऱ्यांच्या परिचित व्याधी आहेत. श्रमाच्या मानाने आहार अपुरा पडल्यास मासिक पाळी, हाडे व मन या सर्वांवर परिणाम होतो; आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली ह्या अवस्थेस स्वतंत्र नाव देऊन तिची चर्चा केली. शरदात सरावाचे अंतर एकदम वाढते, आणि त्याच वेळी निवडीची चिंता व अभ्यासाचा भार असतो. म्हणून ह्या तीन महिन्यांत मार्गदर्शकाचे डोळे घड्याळाइतकेच विद्यार्थिनीच्या ताटाकडे व झोपेकडे असणे अगत्याचे ठरते.

शरदातील शर्यतींचे निकाल वसंतापर्यंत बहुतेक विस्मरणात जातात. परंतु नदी गोठण्यापूर्वी कोण एकत्र वल्हवावयास शिकले, कोणाला शिकू दिले गेले आणि कोण धडधाकट राहिले, हे त्या काळात ठरलेले असते. मे महिन्यातील सहा-सात मिनिटे त्याचीच मोजदाद करतात.