कांद्याला वारा, माणसाला स्लॅब

लोणंद परिसरातली एखादी कांदा चाळ जरा निरखून पाहावी. जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला तळ, तळाला आणि दोन्ही बाजूंना मोकळ्या फटी, वर उतरते छप्पर आणि त्याच्या भिंतीबाहेर चांगल्या पुढे आलेल्या कडा. लोखंडी पत्रा तापतो म्हणून जाणकार कौले सुचवतात. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधावी, दुपाखी पूर्व-पश्चिम, असेही सांगतात. एवढी काळजी अशासाठी, की काढणीनंतरही कांदा जिवंत असतो. तो श्वसन करतो, उष्णता आणि ओलावा बाहेर टाकतो. वारा खेळला नाही तर ढीग सडू लागतो.

माणसाचेही तसेच आहे. नुसते बसून राहिले तरी आपले शरीर जुन्या शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर टाकत असते. ती बाहेर पडली नाही, तर शरीराचे ३७ अंश सेल्सिअसचे गणित बिघडते. तरीही चाळीच्या शेजारचे राहते घर पाहिले, तर बहुधा सिमेंटची पेटी दिसते. पातळ भिंती, उघडा स्लॅब, एकाच बाजूला खिडकी.

चाळीतली युक्ती कोकणातल्या माणसाने पूर्वीपासून स्वतःच्या घरासाठी वापरली आहे. तिथले जुने घर म्हणजे मोजक्याच गोष्टी. उंच जोते, जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, खूप उतरते कौलारू छप्पर, पुढे पडवी आणि शेणाने सारवलेले खळे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि उघड्यावर राहिला की कठीण होतो. त्याला गिलाव्याचीही गरज पडतेच असे नाही. छपराच्या उतारावरून पाणी झटकन ओघळते, पुढे आलेल्या वळचणीमुळे भिंत कोरडी राहते आणि कौलांच्या सांध्यांतून वर चढलेली गरम हवा निघून जाते. पावसाचा मारा सुरू झाला, की पडवीला नारळाच्या झावळ्यांचे झाप लागतात. पाऊस सरला, की ते निघतात.

या रचनेमागे शरीराचे साधे शास्त्र आहे. एक लिटर घामाचे बाष्प झाले, तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. पण किनाऱ्यावर हवेतच इतका दमटपणा असतो, की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणून रत्नागिरीत ३३ अंशांतही जीव घाबरा होतो. तिथे अंगावरून वाहणारी झुळूक हाच उपाय. त्यामुळे कोकणी घर वाऱ्याला अडवत नाही.

हेच घर जसेच्या तसे लोणंदला आणून ठेवले, तर मात्र फसेल. लोणंद पर्जन्यछायेत आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, हवा कोरडी असते आणि रात्री बऱ्यापैकी गारवा येतो. इथे घाम चटकन वाळतो. त्रास होतो तो तापलेल्या वाऱ्याचा. हवा ४० अंशांच्या पुढे गेली, की पंखासुद्धा शरीराला गारवा देण्याऐवजी उष्णता देऊ लागतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा आहे. म्हणून देशावरच्या जुन्या घराने वेगळा मार्ग धरला. दीड-दोन हात जाड भिंती, पांढऱ्या मातीचे धाबे, लहान खिडक्या, मध्ये चौक. दुपारी भिंतीत शिरलेली उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्र होते आणि तोवर बाहेर हवा गार झालेली असते.

चार-पाच इंचांच्या उघड्या स्लॅबला एवढा वेळ लागत नाही. तो काही तासांत खालपर्यंत तापतो आणि संध्याकाळपासून ती उष्णता खाली सोडत राहतो. बाहेर गारवा आणि घरात भट्टी, असा उलटा प्रकार होतो. झोप मोडते, दिवसभर दमलेल्या हृदयाला रात्रीही विसावा मिळत नाही. वृद्ध, तान्ही मुले आणि हृदय-मूत्रपिंडाचे रुग्ण यांना याचा सर्वांत जास्त धोका. उष्माघात उन्हातच होतो असे नाही. बंद खोलीत अंथरुणावर पडलेल्या माणसालाही तो होऊ शकतो. अंग खूप तापले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तर अंग ओले करून वारा घालावा आणि लगेच १०८ला फोन करावा.

म्हणून पुन्हा धाब्याकडे जावे, असे नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जड घरांनी हजारो जीव घेतले. पक्के, मजबूत घर हवेच. ते हवामान ओळखून बांधायला हवे, इतकेच. प्रधानमंत्री आवास योजनेतले ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचे असते. एवढ्या घरातही समोरासमोर दोन खिडक्या, छताखाली झरोके आणि पश्चिमेला पडवी किंवा झाड बसू शकते. नकाशावर हे ठरवायला फारसा खर्च येत नाही. भिंती उठल्यावर मात्र फार येतो.

घर आधीच बांधलेले असेल, तर उन्हाळ्याच्या तोंडाला स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात द्यावा. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो. अहमदाबादेत उष्णता आराखड्याअंतर्गत गरीब वस्त्यांची छपरे याच कारणाने पांढरी केली गेली. तेलंगणने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच आणले. स्लॅबवर कडब्याचा किंवा शेडनेटचा मांडव घातला तरी फरक पडतो. खिडक्या सकाळी दहाच्या सुमारास बंद कराव्यात आणि बाहेर गारवा सुटला की सगळ्या उघडाव्यात. पावसाळ्यात मात्र हवा दमट झाली, की कोकणाचा धडा गिरवावा आणि दिवसाही वारा खेळू द्यावा.

कांदा नासला तर भाव पडतो, म्हणून चाळ बांधण्याआधी शेतकरी दिशा, वारा आणि ऊन विचारात घेतो. घराची पायाखोदाई करण्याआधी हेच तीन प्रश्न विचारले, तर मे महिन्यातली रात्र घरातल्या म्हाताऱ्या माणसांना थोडी सोपी जाईल.