५५.८९ टक्के, पण कशाचे?

पुणे पदवीधर मतदारसंघात मत दिलं असेल, तर पसंतीक्रम तुम्हाला ठाऊक आहे. श्रीलंकेचा राष्ट्राध्यक्षही पसंतीक्रमानेच निवडतात, फक्त पसंती जास्तीत जास्त तीन. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर आपल्यासारखं तळापासून एकेकाला बाद करत नाहीत. पहिले दोघे सोडून बाकीचे एकदम बाद.

२१ सप्टेंबर २०२४ च्या निवडणुकीत ही दुसरी मोजणी तिथे पहिल्यांदाच करावी लागली. पहिल्या मोजणीत अनुरा कुमारा दिसानायके ४२.३१ टक्के, सजित प्रेमदासा ३२.७६. दुसरीनंतर दिसानायके ५५.८९. हा आकडा वहीत उतरवण्याआधी जरा थांबा. भागिले कशाने? फक्त या दोघांच्या मतांनी! एकूण वैध मतांनी भागलं, तर ते ४३ टक्क्यांच्या आसपासच राहतात. ‘निम्म्याहून जास्त देश त्यांच्यामागे’ असं प्रबंधात लिहिलंत, तर पुढचा सगळा युक्तिवाद लंगडा.

बाद उमेदवारांची मतं साधारण ३३ लाख होती. त्यातली या दोघांकडे आली जेमतेम पावणेतीन लाख. का? लोकांनी एकच खूण केली, की पुढची पसंती तिसऱ्याच कुणाला दिली? नुसत्या या आकड्यांवरून ते कळत नाही. म्हणून प्रचार अभ्यासताना सभेची गर्दी मोजत बसू नका (ती सगळेच मोजतात). दुसरी पसंती कोण मागत होतं, आणि सिंहलीत मागत होतं की तमीळमध्ये, ते शोधा. पुण्यात बसून नुसती इंग्रजी वर्तमानपत्रं वाचून ते हाती लागणं कठीण.