खाजनातला चैत्र

गोव्यातल्या विठ्ठलापूरच्या चैत्रोत्सवात वीरभद्र नाचतो, त्या सुमाराला साखळीची वाळवंटी नदी रोडावलेली असते आणि पक्षी पाहणारी बहुतेक मंडळी हंगाम संपला म्हणून दुर्बिणी कपाटात ठेवतात. ही घाई मला कधीच पटलेली नाही. बदके मोजायची तर डिसेंबर बरा; पाणथळ जागा चालते कशी, हे समजून घ्यायला फाल्गुन-चैत्रच हवा.

साखळीहून डिचोली, मये करीत चोडण बेट गाठता येते. (मयेच्या तळ्यावर हल्ली 55 मीटरवरून उडी मारायची सोय झाली आहे, खंड्याला तिथे कधी तिकीट लागले नाही.) चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. 178 हेक्टरांचे हे तिवरांचे रान 1988 साली, म्हणजे सलीम अली गेल्याच्या पुढच्याच वर्षी, अभयारण्य झाले. त्यांचा गोव्याशी संबंध केवळ नावापुरता नव्हता. रॉबर्ट ग्रब यांच्यासह त्यांनी लिहिलेला गोव्याच्या पक्ष्यांवरचा लेख 1976 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला.

इथे घड्याळ नव्हे, भरती-ओहोटी पाहून निघावे. भरतीला होडी तिवरांच्या आत शिरते आणि नशीब असेल तर पाणमांजरांचे कुटुंब दिसते. ओहोटीला चिखल उघडा पडतो, निवट्या उड्या मारू लागतात आणि त्यांच्यामागे तुतवार, कोरल, बगळे उतरतात. मानेभोवती पांढरा पट्टा असलेल्या खंड्यासाठी तर लोक लांबून येतात. एप्रिलमध्ये सोनचिखल्याचे पोट काळे पडू लागते. सायबेरियाच्या टुंड्रात वीण करायची, त्याआधीचा हा पेहराव. थंडीतला मळकट पिवळा पक्षी तो हाच, हे नवख्याला सांगूनही खरे वाटत नाही. तलवार बदके तोवर उत्तरेच्या वाटेला लागलेली असतात. अडई मागे राहते, ती इथलीच.

पण हे सगळे अरण्य म्हणून पाहणे चूक आहे. मांडवी नदीकाठची ही पाणथळ बरीचशी माणसाने घडवलेली आहे. खाडीची जमीन मातीच्या बांधांनी अडवून गावकऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी खाजने केली. गोव्यात अशी जमीन सुमारे 18,000 हेक्टर मानली जाते. बांधातली मानस हे या व्यवस्थेचे मर्म. तिची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. खारे पाणी बाहेर, भात आत, आणि दोहोंच्या मध्ये मासळी, खेकडे, पक्षी. करमळीच्या तळ्याचेही तेच: तेही बांधलेले. पाणी ओसरून चिखल दिसू लागला की जांभळ्या पाणकोंबड्या आणि करकोचे कडेला गोळा होतात. पक्ष्यांचे वेळापत्रक पाणी सोडणाऱ्याच्या हाती असते, ते असे.

कुंभारजुव्याच्या कालव्यातली मगर मुळात गोड्या पाण्याच्या जातीची, पण निमखाऱ्यात निभावते. काठच्या काही गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा होते. त्या विधीला मांगेथापणी म्हणतात. बांध आणि शेत राखणारी म्हणून तिला हा मान.

आता राखणदाराचीच पंचाईत आहे. पूर्वी बांधांची डागडुजी गावकरी संस्था, म्हणजे कोमुनिदाद, पाहत असे. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली, आणि अनेक ठिकाणी कोणाचीच राहिली नाही. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो. जास्त मासळीच्या लोभाने खारे पाणी आत ठेवले जाते, बांध खचतो, शेत नासते आणि मग तिथे तिवर चढते. काहींना ते हिरवेगार रान पाहून आनंद होतो. मला होत नाही. तिवर हवेच, पण उथळ पाण्यात आणि कापणी झालेल्या शेतात चरणाऱ्या पक्ष्याला त्या दाटीत जागा नसते.

अभयारण्याच्या 178 हेक्टरांवर वनखात्याची नजर आहे. बाकीच्या खाजनांचे काय होणार, ते पावसाआधी बांधावर पडणाऱ्या मातीच्या टोपल्या ठरवतील. चैत्रात चोडणला जाल तेव्हा पक्ष्यांच्या यादीबरोबर एक नोंद अवश्य करा: वाटेतली मानस शाबूत होती की नाही. मोडकी दिसली तर पंचायतीला कळवा.